प्रतिसाद: दुबईचा पूर आणि कृत्रिम पाऊस

एप्रिल 2024 मधला दुबईचा पूर म्हणजे ‘क्लाउड सीडिंगचा प्रताप, हवामानबदल वगैरे थापा’ हा मुद्दा पटला नाही. (क्लाउड सीडिंग म्हणजे विमानातून ढगांत क्षारांचे कण फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न.) व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा हेच फिरत होतं. पण त्या पावसाचा अंदाज काही दिवस आधीच आला होता. शिवाय सीडिंगने ढग तयार होत नाहीत, असलेल्या ढगातून थोडं जास्त पाणी निघतं, इतकंच. किती? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018-19 मध्ये सोलापूरला केलेल्या प्रयोगात वाढ सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास भरली. त्या एप्रिलमध्ये अमिरातीतल्याच अल ऐन शहराजवळ तर 24 तासांच्या आत 254 मिमी पाऊस कोसळला; एवढा पाऊस सीडिंगने कसा पडेल!

आणि योग्य ढगच नाहीत म्हणून मराठवाड्यात सीडिंगची विमानं बसून राहिल्याच्या बातम्या आपण वाचल्यात की.