मदत हवी आहे: तिघींची हॉस्टेलची खोली कशी लावावी?

पेरूची_फोड
पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, एकमेकींना पूर्णपणे नवीन. खोली 10 बाय 14 फूट. 10 फुटांच्या भिंतीत डाव्या कोपऱ्यात दार, उघडलं की पान डाव्या भिंतीला टेकतं. दाराशेजारी उजवीकडे भिंतीतली कपाटं. समोरच्या भिंतीत मधोमध खिडकी. तीन लोखंडी कॉट (6 बाय 3), तीन टेबलं (अडीच बाय दीड). 6 अँपिअरचे दोनच प्लग, एक दाराजवळ, एक खिडकीजवळ.
सध्या तिन्ही कॉट खिडकीला डोकं करून शेजारी शेजारी आहेत. एक जण दहाला झोपते आणि पाचला उठते, दुसरी एकपर्यंत वाचते. कपडे वाळत नाहीत. केटल चालेल का? सुचवा, प्लीज.

खटपटे
तीन कॉट शेजारी म्हणजे 9 फूट गेले, उरलेल्या फुटात कोणी उतरायचं? मधलीला रोज कोणाच्या तरी अंगावरून जावं लागत असेल.
उजव्या भिंतीला दोन कॉट एकापुढे एक लाव. 12 फूट होतील, उरलेले 2 फूट कपाटांकडे सोड, नाहीतर कपाटाची दारं कॉटला आपटतील. डाव्या भिंतीला खिडकीकडून दोन टेबलं (5 फूट), मग तिसरी कॉट (6 फूट). दाराच्या पानाला 3 फूट उरतात. तिसरं टेबल खिडकीखाली. मधे 4 फुटांची वाट मोकळी राहते.
खरा फायदा उजेडाचा. रात्री वाचणारीनं डाव्या भिंतीकडच्या टेबलावर बसायचं. पाठ खोलीकडे, दिवा भिंतीकडे, त्यामुळे प्रकाश तिच्याच अंगानं अडतो. तिची कॉट उजवीकडची खिडकीजवळची. पाचला उठणारी दाराजवळच्या कॉटवर, म्हणजे पहाटे बादली घेऊन कोणाला ओलांडायला नको. उजवीकडच्या दोघींनी पायाकडे पाय करून झोपायचं. दारावरच्या झडपेतून पॅसेजचा दिवा डोळ्यावर येत असेल तर आतून जाड खाकी कागद लावा.

वायरमन_काका
केटल नको. 6 अँपिअरचा प्लग 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट देतो आणि बाजारातल्या बहुतेक केटल 1500 वॉटच्या. आधी प्लग तापतो, मग प्लास्टिक मऊ पडून पिना सैल होतात, तिथे ठिणगी पडते. पाणी तापवायचा रॉडही त्याच पंगतीतला. तीन लॅपटॉप, तीन मोबाइल आणि एलईडी दिवे मिळून साडेतीनशे वॉटच्या आत बसतात, त्याला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड पुरे. तीन पिनांचा, आयएसआय मार्कचा घ्या. बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका, वायर गादीखालून नेऊ नका. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लगला अर्थिंग नाही असं समजा आणि रेक्टरकडे तक्रार लिहून द्या. पिन मोडून दोन पिनी करणारे महाभाग असतात, तसं नको.

उंबरठा
गाद्या घालण्याआधी ढेकूण बघा. कॉटचे सांधे, फळीच्या स्क्रूची भोकं, गादीची शिवण. काळे बारीक ठिपके दिसले की समजायचं. सांध्यांवर उकळतं पाणी ओता (कॉट बाहेर नेऊन, कृपया), फळी कडक उन्हात. नुसत्या फवाऱ्यानं अंडी मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी सगळं पुन्हा.
कपड्यांची दोरी मधल्या वाटेत, पंख्याखाली. दोन कपड्यांत वीतभर अंतर, खिडकी थोडी उघडी. बंद खोलीत ओली हवा जाणार कुठे? मग कुबट वास येतो आणि कपाटात बुरशी.

पेरूची_फोड
खूप आभार! अडचण एकच. लवकर झोपणारी आधी आली होती, तिला खिडकी सोडायची नाही.

सातलिव्हर
तिला खिडकी कायमची सोडायला सांगू नका. सेमिस्टर संपलं की कॉट तशाच ठेवून गाद्या बदलायच्या, असं ठरवा. तोवर पहिल्या सेमिस्टरला ती खिडकीशी राहिली तर वाचणारीनं दाराजवळच्या प्लगवर दिवा लावून कॉटवरच वाचावं. टेबलाइतकं सोयीचं नाही, पण भांडणापेक्षा बरं.
पैशांचं: झाडू, सुपली, बोर्ड, दोरी यांत तिघींची वर्गणी काढू नका. प्रत्येकीनं एकेक वस्तू पूर्ण विकत घ्यावी, म्हणजे वर्षाअखेरीस कोणाचं काय हा घोळ नाही. झाडायची पाळी आठवड्याची ठेवा. रोजची पाळी कोणाच्याच लक्षात राहत नाही. कुलपाच्या तीन किल्ल्या पहिल्याच दिवशी, चौकटीवर किल्ली ठेवायची नाही.

खटपटे
आणि कॉट हलवण्याआधी रेक्टरना विचारा. सामानाच्या यादीवर तुमच्या सह्या असतात, कॉटवर नंबर रंगवलेले असतात. आत्ताच खोलीचे फोटो काढून ठेवा, पोपडे आणि मोडकी कडी धरून. नाहीतर खोली सोडताना ते डिपॉझिटमधून कापतील.