मदत हवी आहे: चार मजली ऑफिसचं नेटवर्क केबलिंग, सीलिंग बारा दिवसांत बंद होतंय

लोकहो, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सांगलीत एका पतसंस्थेच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी एकटीच. गावभागाच्या बाजूला संस्थेची नवी इमारत होतेय, तळमजला अधिक तीन मजले, एकेक मजला साधारण ११० बाय ४२ फूट. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिकचं काम आहे त्यांनीच "लॅनचं पण ओढून देतो की" म्हणून दरपत्रक दिलं आणि मंडळानं मंजूर करून टाकलं. माझ्यापर्यंत कागद आला तो सह्या झाल्यावर.

काल पहिल्यांदा साइटवर गेले. तळमजल्यावर काउंटरच्या बाजूला २५ मिमीचा पाइप भिंतीत पुरलाय, त्यात सहा केबल कोंबल्यात आणि वर लाइटच्या दोन वायरी. मी विचारलं तर पोऱ्या म्हणाला, "जागा होती मॅडम." रॅकची (सगळ्या केबल येऊन मिळतात त्या यंत्रांच्या कपाटाची) जागा जिन्याखाली धरलीय. टेबलापाशी सॉकेट वगैरे काही नाही, केबलच्या टोकाला क्लिप मारून थेट पीसीत घालणार. हाताखालचं खोकं 'कॅट ६' (नेटवर्क केबलची एक प्रत) म्हणतं, पण कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

एकूण पॉइंट असे: तळमजला ३०, पहिला ४४, दुसरा ३६, तिसरा १४ (वर फक्त हॉल आहे). कॅमेरे २२, वायफायचे डबे ८. दरपत्रकात केबलची १४ खोकी धरलीत.

आजपासून बाराव्या दिवशी जिप्समचं सीलिंग बंद होणार. त्याच्या आत कशाकशाला हात घालू? प्रत्येक मजल्यावर रॅक लागतो का? कॅट ६ पुरेल का तिच्या वरची ६ए हवी? आणि एक संचालक प्रत्येक मीटिंगला विचारतात, "वायफायच्या जमान्यात एवढ्या वायरी कशाला?" त्यांना काय सांगू? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

— एकटीच_संगणक

आयर्विनकर:
ताई, बाकीचं जाणकार सांगतील. पण गावभागाच्या बाजूला, तळमजल्यावर, जिन्याखाली रॅक? २०१९ च्या ऑगस्टात, पूर आला तेव्हा, कुठं होता तो कंत्राटदार? आमच्या दुकानात पाणी काउंटरच्या वर होतं. २०२१ ला परत आलं. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच (सगळे पीसी एकमेकांना जोडणारा डबा) पहिल्या मजल्याच्या खाली ठेवूच नका, यूपीएसच्या बॅटऱ्या तर अजिबात नकोत. तळमजल्याचे पॉइंट वरून खाली उतरवा, म्हणजे बुडालं तर टेबलाजवळचे सॉकेट तेवढे जातील.

शंकासुर:
मी त्या संचालकांच्या बाजूनं बोलतो, मारू नका. माझं अख्खं ऑफिस वायफायवर चालतं. चाळीस माणसं आहेत. १२४ टेबल-पॉइंट ही उधळपट्टी नाही का?

जुना_पंचवाला:
शंकासुर, तुमच्या ऑफिसात छताला जे डबे लावलेत ते कशावर चालतात, तेवढं वर बघून या.

ताई, वीस वर्षं हेच करतोय, बहुतेक पुण्यात. आधी घाईचं सांगतो, केबलच्या जातीचा वाद नंतर. जिप्सम बंद झाल्यावर केबल बदलता येते, पण ती ज्या वाटेनं जाते ती वाट बदलता येत नाही. म्हणून हे बारा दिवस पाइप, ट्रे आणि स्लॅबमधली भोकं यांवर घाला.

पहिलं, लाइटच्या वायरी त्या पाइपातून आजच्या आज बाहेर. २३० व्होल्ट आणि डेटा एका पाइपात चालत नाही, सिग्नलमधल्या गोंगाटाचा भाग सोडा, उद्या इन्सुलेशन सोललं तर करंट थेट माणसाच्या हातातल्या पीसीपर्यंत येईल. सीलिंगच्या वर दोघांत निदान फूटभर अंतर ठेवा, आडवं जावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

दुसरं, सहा केबल. २५ मिमी हे पाइपाचं बाहेरचं माप, आत जेमतेम एकवीस-बावीस मिमी मिळतात. कॅट ६ ची जाडी सहा मिमीच्या आसपास. पाइप ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, म्हणजे चार-पाच केबल, आणि मध्ये दोन बेंड असतील तर मी चारच घालतो. सहा ओढल्यात म्हणजे जोर लावून ओढल्यात. ११० न्यूटन, सरळ सांगायचं तर अकराएक किलोच्या ओढीपलीकडे जायचं नसतं, नाहीतर आतल्या जोड्यांचा पीळ सुटतो. बाहेरून केबल एकदम छान दिसते, टेस्टला नापास होते.

तिसरं, अंतर. ११० फूट म्हणजे साडेतेहतीस मीटर, ४२ म्हणजे तेरा. केबल तिरकी जात नाही, भिंतीला धरून काटकोनात जाते, म्हणून दोन्हींची बेरीज करा: साडेसेहेचाळीस. रॅक पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात धरला तर तिसऱ्या मजल्याच्या लांबच्या टोकाला दोन मजल्यांचे सात मीटर आणि वर-खाली चढउताराचे पाचसहा. साठच्या आसपास येतं. रॅकमधल्या जॅक पॅनेलपासून (केबलची टोकं बसतात ती पट्टी) भिंतीतल्या आयओपर्यंत (नेटवर्कचं सॉकेट) ९० मीटर चालतात, दोन्हीकडच्या पॅचकॉर्डचे (जोडायच्या छोट्या तयार केबल) मिळून १०, अशी शंभराची हद्द. म्हणजे अंतराच्या हिशेबानं एक रॅक पुरतो.

आता १४ खोकी बघा. सगळ्यात जवळचा पॉइंट बारा मीटर, लांबचा साठ. सरासरी ३६, वर दहा टक्के जास्तीचे, धरा ४०. वायफायच्या डब्यांना दोन-दोन केबल धरून तुमच्या १६२ केबल होतात. ३०५ मीटरच्या खोक्यातून चाळीसच्या सातच निघतात, उरलेला तुकडा वाया. म्हणजे २४ खोकी. १४ वाल्यानं नकाशा बघितलेलाच नाही, किंवा मध्येच जोड मारणार आहे. सीलिंगमध्ये जोड मारलेली केबल म्हणजे दर पावसाळ्याला तुमचा फोन वाजणार.

शंकासुर:
बघून आलो. प्रत्येक डब्याला एक निळी केबल आहे. बसतो गप्प.

कोअरकट:
पंचवाले म्हणतात तो एक रॅक अंतरात बसतो, पण मी दोन ठेवीन. तळ आणि पहिला एका रॅकवर, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या मजल्याच्या रॅकवर, मध्ये फायबर (काचेच्या तंतूंची केबल). केबलिंगची नियमावलीही मजल्यागणिक खोली असावी अशाच मताची आहे. सत्तर केबल स्लॅबमधून वर न्यायच्यापेक्षा एक १२ कोअरची फायबर न्या, बारीक भोक पुरतं.

जुना_पंचवाला:
पुस्तकात तेच आहे, मान्य. पण वाचा, विभागात बाई एकट्या आहेत. दोन रॅक म्हणजे दोन यूपीएस, दोन एसी, दोन किल्ल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचा स्विच बंद पडला की जिना. मजला साडेचार हजार चौरस फुटांचा आहे, दहा हजारांचा असता तर मीही मजल्यागणिक खोली मागितली असती. सत्तर केबलला चार इंची पाइपाचा एक तुकडा स्लॅबमध्ये रग्गड, ४० टक्क्यांच्या हिशेबानं शंभर बसतात. दोन तुकडे टाका, एक रिकामा. मात्र भोक पाडायच्या आधी आरसीसी कन्सल्टंटकडून (इमारतीच्या सांगाड्याचे इंजिनिअर) लेखी घ्या, आणि केबल ओढून झाल्यावर भोक आगरोधक मसाल्यानं बुजवून घ्या. उघडं राहिलं तर आगीचा धूर आणि उंदीर, दोन्ही त्याच वाटेनं चढतात.

कोअरकट:
ठीक. पण एक सिंगल मोड (लांब पल्ल्याच्या जातीची) फायबर तिसऱ्या मजल्यापर्यंत आत्ताच टाकून ठेवा, टोकं न जोडता. उद्या वर मजला चढला तर दुवा द्याल. मल्टीमोड (कमी पल्ल्याची जात) घेऊ नका, सिंगल मोडची केबल महाग पडत नाही आणि पुढच्या दोन पिढ्यांची उपकरणं त्यावर निघतील.

कॅट ६ की ६ए हा तुमचा प्रश्न राहिला. टेबलाला १ गिगाबिटचा वेग लागतो, तो कॅट ६ वर डोळे मिटून जातो. १० गिगाबिट कॅट ६ वर फार तर ५५ मीटर, दाट गठ्ठ्यात त्याहूनही कमी, आणि तुमची लांबची टोकं साठ आहेत. म्हणून टेबलं आणि कॅमेरे कॅट ६, वायफायच्या सोळा केबल तेवढ्या ६ए. ती जाड असते, पाइपात तीनच धरा.

आयर्विनकर:
त्या अनोळखी खोक्याबद्दल कुणीच काही बोललं नाही?

जुना_पंचवाला:
बरं केलंत, तेच राहिलं होतं. ताई, एक तार घ्या आणि ब्लेडनं हलकेच खरवडा. आत लाल राहिली तर तांबं. पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ही तार कुठल्याच मानकात बसत नाही. कॅमेऱ्यांना तुम्ही त्याच केबलमधून वीज देणार, तिथं ही गंमत कळते: दिवसभर कॅमेरा नीट चालतो, रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त खेचतो, तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू.

आणखी पक्कं करायचं तर सीलबंद खोक्याच्या आतल्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि बाहेरच्या टोकाला मल्टीमीटर लावा. ३०५ मीटर शुद्ध तांब्याला चाळीस ते पंचेचाळीस ओहम येतात. नियमाची कमाल मर्यादासुद्धा ५७ च्या आसपास आहे. साठच्या वर गेलं की खोकं परत.

एकटीच_संगणक:
सगळ्यांचे आभार. दोन दिवस साइटवरच होते, म्हणून उशीर.

ब्लेड लावलं. पांढरं. मीटर लावला, ६८ ओहम. मग मी मीटर, ब्लेड आणि ते टोक तसंच पिशवीत घालून चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या हातानं खरवडायला लावलं. ते मूळचे शेतकरी, मोटारीच्या वायरी भरलेले. एका मिनिटात म्हणाले, "ही तर ॲल्युमिनियम हाय." पुढचं मला काही बोलावंच लागलं नाही. सगळी खोकी परत गेली. कंत्राटदार थोडे फुगले, पण काम सोडलं नाही.

ठरलं ते असं: रॅक पहिल्या मजल्यावर, फायलींच्या खोलीचा अर्धा भाग तोडून. एकच रॅक, ४२ यू (म्हणजे ४२ खणांचा). (कोअरकट दादा, रागावू नका, जिन्याचा मुद्दा माझ्या गुडघ्यांना पटला.) तिसऱ्यापर्यंत सिंगल मोड टाकून ठेवतेय. स्लॅबची परवानगी मिळाली. जिप्समला दर वीस फुटांवर ट्रॅप डोअर (उघडता येणारी झडप) सोडायला लावलं, इंटिरियरवाल्यांनी नाक मुरडलं. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवलीय. टेबलाला आयओ आणि पॅचकॉर्ड, थेट क्लिप बंद.

वायफायवाल्या संचालकांना शंकासुरांचा किस्सा सांगितला. हसले. आता विचारतात, "मग डबे आठच का?"

अजून एक शंका: टेस्टिंग. कंत्राटदाराकडे लाल-हिरवे आठ दिवे लागणारा छोटा टेस्टर आहे. तेवढ्यावर बिल काढू का?

जुना_पंचवाला:
अजिबात नाही. तो डबा फक्त आठ तारा जागच्या जागी आहेत एवढं सांगतो. तुमची ती ॲल्युमिनियमची केबलसुद्धा त्यानं पास केली असती. सर्टिफायर (केबल मानकात बसते का ते मोजणारं यंत्र) मागवा, पुण्याहून दिवसाच्या भाड्यानं फ्लूक कंपनीचा मिळतो. 'पर्मनंट लिंक' (पॅनेल ते आयओ) टेस्ट लावायची, एका पॉइंटला दहाएक सेकंद लागतात. आधी मात्र दोन्ही टोकांना सारखं लेबल हवं, नाहीतर रिपोर्ट कुठल्या केबलचा ते कळणार नाही. मजला, पॅनेल, पोर्ट एवढंच लिहा. '१-सी-१४' पुरे, 'कर्ज विभाग पाटील साहेब' नको, साहेब बदलतात. आणि शेवटचा हप्ता १६२ पास रिपोर्ट हातात आल्यावर, हे आत्ताच लिहून घ्या.

एकटीच_संगणक:
कळवायचं राहिलं होतं. सीलिंग पाच दिवस उशिरा बंद झालं, पण झालं. काल फ्लूक आला. १६२ पैकी १५५ पहिल्या फटक्यात पास. सात नापास, आणि सातही एकाच पॅनेलवर, कारण 'नेक्स्ट' (एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत शिरणं). केबल खराब लागली का?

जुना_पंचवाला:
सातही एका पॅनेलवर म्हणजे केबल नाही, हात. ते पॅनेल नव्या पोरानं पंच केलं (तारा खाचांत दाबून बसवल्या) असणार. मागून बघा, जोड्यांचा पीळ इंच-दीड इंच उलगडलेला दिसेल. १३ मिमीच्या वर उलगडायचा नसतो, पीळ थेट दाताजवळ न्यायचा. कापून परत पंच करा.

एकटीच_संगणक:
बरोबर दोन बोटं उलगडला होता. मीच केले परत, पहिल्या दोनला अर्धा तास लागला, मग हात बसला. सातही पास.

आयर्विनकर दादा, जिन्याखाली शेवटी रॅकच आला. चपलांचा.