हौदाचा घरगुती फिल्टर: दर रविवारी धुतो तरी पाणी हिरवं, मासे सकाळी वर येतात

मखमलाबाद_हौद
नमस्कार मंडळी. नाशिकच्या मखमलाबादला आमच्या रो हाउसच्या मागे सिमेंटचा हौद आहे, ८ फूट बाय ५ फूट, खोली अडीच फूट. त्यात पाच कोई, सात-आठ गोल्डफिश आणि डासांसाठी सोडलेले गप्पी. फिल्टर घरीच बनवलाय, २० लिटरची रंगाची बादली, खाली खडी, वर दोन स्पंज, कूलरचा पंप पाणी वर टाकतो आणि बादलीच्या भोकातनं ते परत हौदात पडतं. दर रविवारी सगळं काढून नळाखाली स्वच्छ धुतो, स्पंज नव्यासारखा दिसेपर्यंत. तरी पाणी हिरवंगार, हात घातला तर कोपराच्या खाली काही दिसत नाही, आणि आता सकाळी सहाला बघावं तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, नऊ-साडेनऊला परत नॉर्मल होतात. दुकानात सांगितलं यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लावा. माझा विचार २०० लिटरचा निळा ड्रम आणून मोठा फिल्टर करायचा आहे. आत काय भरू, पंप किती मोठा घेऊ आणि यूव्ही लागतोच का? मासे मुलीने पिल्लं असल्यापासून वाढवलेत, त्यामुळे प्लीज नीट सांगा.

गंगापूररोड_कोई
भाऊ, आधी आजच्या रात्रीचं बघा, ड्रमचं नंतर. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच खातं, म्हणून पहाटे हौदात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि ऊन आलं की मासे सावरतात. संध्याकाळीच एअर पंप लावा, दोन एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारे दगड), रात्रभर चालू राहू द्या. दोन दिवस खाणं पूर्ण बंद, काही होत नाही त्यांना.

आता मुख्य गोष्ट. स्पंज नळाखाली धुणं आजपासून बंद करा. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरमधले एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट बराच सुसह्य. हे बॅक्टेरिया स्पंजवर, दगडावर चिकटून राहतात, तो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो ना तोच तुमचा खरा फिल्टर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच, म्हणजे तुम्ही दर रविवारी फिल्टर धुवून काढताय आणि सोमवारी तो परत शून्यापासून सुरू होतोय. धुवायचंच असेल तर हौदाचंच पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा, गाळ निघाला की बस. काळपट दिसला तरी राहू द्या.

तुमचा हौद १०० घनफूट, म्हणजे साधारण २८३० लिटर. तासाला एकदा सगळं पाणी फिरलं पाहिजे आणि पंपाच्या खोक्यावरचा आकडा हा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो, त्यामुळे ४००० ते ५००० लिटर प्रतितासवाला सबमर्सिबल घ्या. कूलरचा पंप चोवीस तास चालवायला नाहीच.

ड्रममध्ये पाणी तळाशी आत घ्या, वरून बाहेर काढा. तळाची आठ-दहा इंच जागा मोकळी सोडा, तिथे जड गाळ बसतो, आणि अगदी खाली दीड इंची बॉल व्हॉल्व्ह लावा, दोन-तीन दिवसांनी उघडला की चहाच्या रंगाचं पाणी भसाभसा जातं, ते कर्दळीला घाला. गाळाच्या वर जाळी, तिच्यावर जाड स्पंज, सगळ्यात वर बॅक्टेरियांसाठी मीडिया, म्हणजे ते चिकटून राहतील असं सामान. खडी नको, तिच्यात गाळ अडकून कुजतो आणि ती उचलून धुवायची तर कंबर जाते. इनलेट एक इंची असेल तर आउटलेट दोन इंची तरी हवाच, कारण परत जाणारं पाणी नुसत्या उतारावर जातं. आणि पंप हौदाच्या तळाशी ठेवू नका, विटांवर फूटभर उंच ठेवा. कधी आउटलेट तुंबून ड्रम वरून वाहायला लागला तर सगळा हौद रिकामा होणार नाही, फूटभर पाण्यात मासे जिवंत राहतील.

निफाडचा_बागायतदार
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. सामानाचं मी सांगतो. ड्रिपच्या कुठल्याही दुकानात टँक कनेक्टर, बॉल व्हॉल्व्ह, रबरी ग्रोमेट सगळं मिळतं, त्यासाठी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जास्त पैसे घालवू नका. मीडिया म्हणून भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरपूर घ्या (तारेच्या अजिबात नाही) किंवा वायरिंगच्या खाचांच्या फ्लेक्झिबल पाइपचे इंच-इंच तुकडे करा, आणि हे सगळं कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरा, आपल्या जिल्ह्यात त्यांना काय तोटा. चार गोण्या केल्या की एका वेळी एकच उचलून धुता येते, बाकीच्या तीनमधले बॅक्टेरिया शाबूत.

ड्रम मात्र बघून घ्या. भंगारात मिळणारे बरेच ड्रम केमिकलचे नाहीतर औषधांचे असतात, कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही. खाद्यपदार्थांचाच ड्रम घ्या, वास घेऊन बघा. आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या दिवशी हौदावर ताडपत्री टाका, बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं आणि तांबं माशांना फार वाईट.

कर्दळ_आणि_वाळा
यूव्हीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. यूव्हीने तरंगणारं शेवाळ मरतं, पाणी काचेसारखं होतं हे खरं, पण अमोनिया तसाच राहतो, आणि स्वच्छ दिसतंय म्हणून माणूस निर्धास्त होतो हे मला जास्त धोक्याचं वाटतं. आधी सावली करा. ५० टक्केवाली हिरवी शेडनेट अर्ध्या हौदावर बांधा, एप्रिल-मेमध्ये तर हवीच, पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ड्रममधून पाणी परत जाताना ते एका लांबट क्रेटमधून सोडा आणि त्यात कर्दळ, वाळा, अळू लावा, माती न घालता, मुळं थेट पाण्यात. शेवाळ ज्या नायट्रेटवर वाढतं तेच ही झाडं ओढून घेतात. माझ्या वाळ्याची मुळं हातभर लांब पांढरी झालीत आणि त्यांना गाळ असा चिकटतो की हलवलं की धूर निघाल्यासारखा पाण्यात पसरतो. फक्त जलपर्णी आणू नका आणि आणलीच तर नाल्यात फेकू नका, गोदावरीचं काय झालंय ते आपण दर वर्षी बघतोच. एवढं करूनही दोन महिन्यांनी हिरवंच राहिलं तर घ्या यूव्ही.

मखमलाबाद_हौद
खूप आभार सगळ्यांचे. एअर पंप आत्ताच आणून लावला. ड्रम बसवल्यावर जुनी बादली काढून टाकू का? आणि लाइट गेली तर काय, आमच्याकडे पावसाळ्यात कधी कधी चार-पाच तास जाते.

गंगापूररोड_कोई
बादली लगेच काढू नका. नवीन ड्रम तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही चालू ठेवा, खाणं दिवसातून एकदाच, पाच मिनिटांत संपेल एवढं. अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट घ्या, दोन्ही शून्य आले की ड्रम लागला असं समजा. मध्ये नायट्राइट वाढला तर आयोडीन नसलेलं खडे मीठ, तुमच्या हौदाला तीन किलोच्या आत, विरघळवून हळूहळू घाला, त्याने नायट्राइट माशाच्या रक्तात कमी जातो. आणि आठवड्यातून दोनदा पाचवा हिस्सा पाणी बदला, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की खाणं जवळजवळ बंदच, तेव्हा बॅक्टेरियाही मंद असतात.

लाइट काही तास गेली तर बंद ड्रममधले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरायला लागतात आणि आतलं पाणी सडतं. लाइट आल्यावर थेट पंप चालू करू नका, आधी खालचा व्हॉल्व्ह उघडून ड्रम रिकामा करा. एअर पंपाला छोटा इन्व्हर्टर मिळाला तर उत्तमच. आणि पंपाच्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, मुलगी हौदात हात घालत असणार.

कर्दळ_आणि_वाळा
तुम्हाला लवकर सुरू करायचं असेल तर माझ्या फिल्टरमधली एक गोणी घेऊन जा, विरजण लावल्यासारखं काम करते. माझे मासे निरोगी आहेत, गेल्या वर्षात नवीन कुणी आणलेला नाही. पाथर्डी फाट्याजवळ राहते, मेसेज करा. येताना झाकणाची बादली आणा, गोणी माझ्याच हौदाच्या पाण्यात बुडवून न्यायची, वाटेत सुकली तर उपयोग नाही, आणि घरी पोचल्या पोचल्या ड्रममध्ये टाका.