पोर्तुगालला युरोव्हिजन जिंकायला इतकी वर्षं का लागली?

मडगांवकर:
मंडळी, नोकरीसाठी नुकताच लिस्बनला आलोय. ऑफिसातले लोक शनिवारी युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची, अंतिम फेरी एकत्र बघणार आहेत, मलाही बोलावलंय. पोर्तुगाल १९६४ पासून उतरतोय आणि विजेतेपद एकच, २०१७ चं. असं का? शिवाय एक सहकारी म्हणतो की यांची १९७४ ची क्रांती युरोव्हिजनच्या गाण्यानं सुरू झाली. खरं का हे?

उत्तरायण:
शेजारी शेजाऱ्यांना गुण देतात. नॉर्डिक देशांचं जमतं तसं. पोर्तुगालची सीमा फक्त स्पेनला लागते. त्यात गाणी बहुतेक पोर्तुगीजमधली.

तेजोकाठी:
मला हे पटत नाही. २०१७ ला नकाशा तोच होता, भाषाही पोर्तुगीजच. कीव्हला साल्व्हादोर सोब्राल प्रेक्षकांमधल्या छोट्या मंचावर एकटा उभा राहिला. ना नर्तक, ना आतषबाजी. गाणं बहिणीचं, लुईझा सोब्रालचं. त्याची तब्येत इतकी नाजूक होती की सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी तीच गायली. ७५८ गुण मिळाले. परीक्षकांचाही पहिला, प्रेक्षकांचाही. त्याच डिसेंबरात त्याचं हृदय बदलावं लागलं. पुढच्या वर्षी स्पर्धा लिस्बनला भरली आणि यजमान २६ वे, म्हणजे शेवटचे आले.

म्हणून म्हणते, इथल्या लोकांना ही स्पर्धा का जवळची वाटते ते क्रमांकांत शोधू नका. १९७४ चंच घ्या. क्रांती केली ती लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी, आफ्रिकेतल्या वसाहती राखण्याच्या युद्धाला विटून. पण इशारा गाण्याचा, हे अगदी खरं. पोर्तुगालचा पाउलो दे कार्व्हाल्यो ६ एप्रिलला इंग्लंडमधल्या ब्रायटनला, त्या वर्षीच्या युरोव्हिजनमध्ये, 'ई देपोइश दु आदेउश' गायला. स्वीडनचा 'आबा' (ABBA) हा गट जिंकला, याला ३ गुण, शेवटच्या क्रमांकावर आणखी तिघांसोबत. २४ एप्रिलच्या रात्री १०:५५ ला लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रानं तेच गाणं लावलं आणि अधिकाऱ्यांना कळलं, तयारीत राहायचं. प्रेम संपल्याचं गाणं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं. त्यात सेन्सॉरला काय खटकणार? मध्यरात्रीनंतर झेका अफोंसोचं 'ग्रांदुला' लागलं, तो निघायचा इशारा. २५ तारखेच्या संध्याकाळी ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली.

तुम्ही मडगावचे, म्हणून एवढं सांगतेच. त्या राजवटीनं गोवा भारताचा झाला हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. क्रांतीनंतरच्या सरकारनं केलं. करारावर सह्या झाल्या ३१ डिसेंबर १९७४ ला. ते ३ गुणांचं गाणं मी त्यामुळे फार मानाने ऐकते.

मडगांवकर:
ताई, अंगावर काटा आला. १९६१ आम्हाला पाठ, पण हा करार कुणी सांगितलाच नव्हता. शनिवारी जाण्याआधी आणखी काय ऐकून ठेवू? आणि मी इथून पोर्तुगालला मत देऊ शकतो का?

तेजोकाठी:
नाही, ज्या देशात बसलाय त्याला मत देता येत नाही. १९९६ ची लुसिया मोनिझ ऐका, हातात कावाकिन्यो (गिटारसारखं छोटं पोर्तुगीज वाद्य) घेऊन गायलेली. सहावी आली होती, २०१७ पर्यंत यांची सर्वांत चांगली कामगिरी तीच. फेरी इथे रात्री ८ ला सुरू होते. घरच्यांना दाखवायची असेल तर आधीच सांगून ठेवा, मडगावला तेव्हा साडेबारा वाजलेले असतील.