कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके आणि तंतुकणिका का दिसत नाहीत?

जास्वंद (प्रश्न)

माझी मुलगी नववीत शिकते. गेल्या आठवड्यात शाळेच्या प्रयोगशाळेत तिने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. विटांच्या बांधकामासारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या लांबट पेशी आणि बहुतेक पेशींत कडेला सरकलेला पिवळसर तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक, एवढेच तिला दिसले. प्रयोगवहीत चित्र काढताना मात्र तिने पाठ्यपुस्तकातील आकृती समोर ठेवून हरितलवके (पानांना हिरवा रंग देणारे दाणे), तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), गॉल्गी संकुल (पेशीत तयार झालेले पदार्थ योग्य जागी पाठवणारा भाग) असे सगळेच काढले. बाईंनी “जे दिसले तेवढेच काढावे” असा शेरा देऊन चित्र पुन्हा काढायला सांगितले, त्यामुळे ती खट्टू झाली आहे. वनस्पतीपेशीत ही अंगके असतात असे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असताना ती काढली तर काय चुकले, असे ती विचारते. ही अंगके त्या पेशींत खरोखरच नसतात, की असूनही दिसत नाहीत?

काचपट्टी

हरितलवके तेथे खरोखरच नसतात. तंतुकणिका आणि गॉल्गी संकुल असतात, पण शाळेतील सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या असल्यामुळे त्यांची कारणेही वेगळी आहेत.

कांदा म्हणजे जमिनीखाली अन्न साठवून जाड झालेले पानांचे तळ होत. हरितलवके तयार होण्यासाठी प्रकाश लागतो आणि मातीत तो पोहोचत नाही. त्याच रोपाच्या जमिनीवरच्या हिरव्या पातीत ती भरपूर असतात. मुलीला हरितलवके पाहायची असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचे कोवळे पान तसेच्या तसे पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावे. ते पान इतके पातळ असते की काप घ्यावा लागत नाही. थोडा वेळ नजर एका पेशीवर स्थिर ठेवली, तर हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतात. ते स्वतः पोहत नसून वाहत्या पेशीद्रव्याबरोबर जात असतात. पेशी जिवंत आहे म्हणजे काय, हे मुलांना त्या दृश्याइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे काही मला माहीत नाही.

कांद्याच्या पेशीत केंद्रक कडेला का असते, हेही तिला विचारून पाहावे. पेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असल्यामुळे पेशीद्रव्य आणि केंद्रक भित्तिकेलगतच्या (पेशीच्या बाहेरच्या भिंतीलगतच्या) अरुंद पट्टीत सामावलेले असतात.

सूक्ष्मदृष्टी

तंतुकणिकांविषयी थोडी भर घालतो. प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. ही मर्यादा मुख्यतः प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे येते, म्हणून कितीही मोठे भिंग लावले तरी प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवा तपशील येत नाही. रायबोझोम (पेशीत प्रथिने तयार करणारे कण) सुमारे २५ नॅनोमीटरचे असल्याने ते या मर्यादेच्या फार खाली आहेत. तंतुकणिकेची जाडी मात्र ०.५ ते १ मायक्रोमीटर असते, म्हणजे ती मर्यादेच्या वर आहे. तरीही ती सहसा दिसत नाही, कारण ती जवळजवळ पारदर्शक असते आणि आयोडीनने केंद्रकासारखी उठून दिसत नाही. तिच्या आतील घड्या तर १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळेच पाहता आल्या.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापाचे चित्र प्रसिद्ध केले, त्यात केवळ रिकामे कप्पे आहेत, कारण बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. त्यांनी दिसले तेवढेच काढले आणि म्हणूनच ते चित्र आजही पुरावा म्हणून उपयोगी पडते. पाठ्यपुस्तकातील आकृती मात्र वेगवेगळ्या पेशींत, वेगवेगळ्या उपकरणांनी मिळालेली माहिती एकत्र करून काढलेली असते. ती चुकीची नाही, पण ती तिच्या काचपट्टीचे निरीक्षण नाही. माझ्या मते बाईंचा शेरा अगदी योग्य आहे.

जास्वंद

आपणा दोघांचे मनापासून आभार. मुलीने आता असे विचारले आहे की प्रद्रव्यपटलही (पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा) दिसले नव्हते, तर तेही चित्रात दाखवायचे नाही का?

काचपट्टी

प्रद्रव्यपटलाची जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर असते आणि ते भित्तिकेला आतून चिकटलेले असते, त्यामुळे वेगळे ओळखू येत नाही. त्याची कड कोठे आहे हे मात्र दाखवता येते. लाल कांद्याच्या खवल्याची बाहेरची, रंगीत बाजू सोलावी, कारण तो रंग रिक्तिकेत असतो. आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यावा. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम मीठ पुरते. काही मिनिटांत पेशीतील पाणी बाहेर पडते, रंगीत भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो आणि भित्तिका जागच्या जागी राहते.

सूक्ष्मदृष्टी

एक महत्त्वाची सूचना: या प्रयोगात आयोडीन अजिबात वापरू नये. त्याने पेशी मरतात आणि पटलाची निवडक्षमता (कोणते पदार्थ आत-बाहेर जाऊ द्यायचे हे ठरवण्याची क्षमता) नाहीशी होते, त्यामुळे अपेक्षित बदल दिसणार नाही. शेवटी मिठाचे पाणी काढून साधे पाणी सोडावे. पेशी पुन्हा भरल्या, तर त्या जिवंत होत्या असे समजावे.

जास्वंद

बाईंच्या परवानगीने तिने काल हा प्रयोग केला. रंगीत भाग प्रथम कोपऱ्यांतून सुटला आणि नंतर मध्यभागी गोळा झाला. पापुद्र्याच्या फाटलेल्या कडेच्या पेशींत रंगच नव्हता आणि त्यांत काहीच बदल झाला नाही. त्या सोलताना फाटून मेल्या असाव्यात, असा तर्क तिने स्वतःच केला. तिच्या नव्या चित्रात प्रत्येक पेशीला दोन रेषा आहेत, बाहेरची भित्तिकेची आणि आतली रंगीत भागाच्या कडेची, आणि खाली “मिठाच्या पाण्यात, ५ मिनिटांनंतर” असे लिहिले आहे. केंद्रक तिला या वेळी दिसले नाही, म्हणून तिने ते काढलेले नाही.