‘यारी’ की ‘रहाट’? ब्रुनेलेस्कीच्या यंत्राला मराठीत काय म्हणावं?

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट (1420 ते 1436) कसा उभा राहिला, यावर मुलांसाठी लिहिते आहे. दगड-विटा वर चढवायला वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने बैलांवर चालणारं यंत्र केलं, त्याला मी ‘यारी’ म्हटलं. मैत्रिणीला ते खटकलं. क्रेन म्हणजे यारीच ना?

— क्रेन म्हणजे यारीच, पण हे यंत्र क्रेन नव्हे. यारीला भुजा असते. ओझं उचलून ती आडवं नेऊन ठेवते. इटालियनमध्ये तिला ‘ग्रू’ म्हणतात, म्हणजे करकोचा. ती लांब मान डोळ्यांपुढे आणा. बैलांचं यंत्र मात्र खाली जमिनीवरच होतं. आडव्या रुळावर दोर गुंडाळला जाई, आणि कप्पीवरून ओझं सरळ 50 मीटरांहून उंच चढे. विहिरीवरचा रहाट हेच करतो. मी ‘बैलरहाट’ लिहीन.

वर पोचलेला दगड नेमक्या जागी बसवायला ब्रुनेलेस्कीने निराळं यंत्र केलं होतं. उंच खांबावर आडवी तुळई, तोलाला वजन, आणि ओझं पुढेमागे सरकवायला स्क्रू. ‘यारी’ हा शब्द त्याच्यासाठी ठेवा.

बैल ओढतात, तर ‘मोट’ का नको? मुलांना चित्र लगेच दिसेल.

— चुकीचं चित्र दिसेल! मोटेचे बैल धावेवरून पुढे जातात आणि मागल्या पावली परत येतात. इथले बैल घाण्यासारखे गोल फिरत. खरी करामत पुढेच आहे. उभ्या कण्यावर दोन दातेरी चाकं होती, एक वर, एक खाली. स्क्रू फिरवून कणा किंचित वरखाली केला की रुळाच्या चाकात कधी हे अडके, कधी ते, आणि रूळ उलटा फिरू लागे. ओझं वर जावो की खाली येवो, बैल एकाच दिशेने चालत. दरवेळी जू सोडून बैल वळवावे लागत नसत. हे वाक्य लेखात असू द्याच, शब्द कोणताही निवडा.

‘बैलरहाट’ पटला. आणखी एक: 1586 मध्ये वास्तुकार दोमेनिको फोंताना यांनी रोमचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच स्तंभ, हलवला, तेव्हा माणसं आणि घोडे जे ‘आर्गानो’ फिरवत होते, तेही रहाटच का?

— दोर ओढण्याचं तत्त्व तेच, पण दोर गुंडाळायचा रूळच उभा. दांडे धरून भोवती फिरायचं. एकदा ‘उभा रहाट’ असं लिहा, पुढे नुसतं ‘आर्गानो’ चालेल.