फोटोचं त्रिकोणी चित्र: याला 'अमूर्त' म्हणावं का?

प्रश्न
शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांनी फोटोंवरून त्रिकोण-चौकोनांची चित्रं केली आहेत. काही संगणकावर, काही फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हाताने. फलकावर 'भौमितिक अमूर्त चित्रे' असं लिहिलं, तर एक पालक म्हणाले, "यात माझी आई चक्क ओळखू येतेय, मग अमूर्त कसं?" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय 'भौमितिक' की 'भूमितीय'? आणि 'लो पॉली'ला, म्हणजे मोजक्या त्रिकोण-चौकोनांत बसवलेल्या अशा चित्राला, मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद
भौमितिक. कानाला तेच सवयीचं आहे. आणि कुठे 'त्रिभुज' लिहिलं असेल तर खोडा, ते हिंदीचं वळण. आपला त्रिकोणच.

'लो पॉली'साठी रुळलेला शब्द नाही. 'ठोकळाचित्र' सुचेल, पण 'ठोकळेबाज' डोक्यात आलाच म्हणून समजा! मुलांच्या कामाला तो वास नको.

प्रतिसाद
पालकांचा मुद्दा रास्त आहे. 'मूर्त' म्हणजे आकार धारण केलेलं, ओळखता येणारं. आजी ओळखू येत असेल तर चित्र अमूर्त नाही, फार तर अमूर्ताच्या वाटेवर आहे. त्या वाटेला 'अमूर्तीकरण' म्हणा. डच चित्रकार मोंद्रियानची झाडं शेजारीशेजारी लावून बघा. १९११ च्या करड्या झाडात खोड आणि फांद्या सरळ दिसतात. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात नुसत्या वळणदार रेघांचं जाळं उरतं, नाव वाचलं नाही तर झाड सापडणार नाही. अमूर्तीकरण दोन्हींत आहे, पण 'अमूर्त' मी दुसऱ्यालाच म्हणेन, तेही जपून.

कारण काही चित्रांत मुळात गाळायला वस्तूच नसते. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा इंग्रजी शब्द पसंत करत. विश्वकोशातला 'अप्रतिरूप कला' हा शब्दही मला आवडतो: कशाचंही प्रतिरूप नसलेली. फोटोवरून केलेलं चित्र या अर्थाने अप्रतिरूप होऊच शकत नाही, त्याचा जन्मच प्रतिरूपातून झालेला.

प्रतिसाद
थोडं तांत्रिक बोलतो, कारण शब्द त्यावरच ठरेल. संगणकावर दोन अगदी वेगळ्या रीती आहेत आणि आपण दोन्हींना एकच नाव देतोय.

पहिलीत फोटोवर ठिपके टाकतात, जिथे कडा आहेत तिथे दाट, मोकळ्या जागी विरळ. मग ठिपके जोडून त्रिकोण पाडतात आणि प्रत्येकात त्या जागेचा सरासरी रंग भरतात. जोडायचा नियम बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्ये मांडला: कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या, म्हणजे त्याच्या तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या, आत दुसरा ठिपका येता कामा नये. त्यामुळे चिंचोळे, सुईसारखे त्रिकोण शक्य तितके टळतात. (रंगीत वर्तुळं रंगवणारा रॉबेर देलोने वेगळा, तो फ्रेंच चित्रकार. गल्लत हमखास होते.) या रीतीला 'त्रिकोणन' चपखल बसेल.

दुसरीत फोटो कापतच नाहीत. कोऱ्या पटावर एक अर्धपारदर्शक आकार टाकायचा, मूळ फोटोशी फरक कमी झाला तर ठेवायचा, नाहीतर हलवून बघायचा. मग पुढचा. २००८ मध्ये रॉजर योहान्सन या प्रोग्रामरने अशाच धर्तीवर, एकदम ५० बहुभुजाकृती घेऊन त्या थोड्याथोड्या बदलत मोनालिसा उभी केली. मायकल फोगलमनचं 'प्रिमिटिव्ह' हे सॉफ्टवेअर एकेक आकार चढवत जातं. इथे 'त्रिकोणन' लागू नाही, आकार एकमेकांवर चढलेले असतात. 'आकाररचना' म्हणावं का?

आमच्या आजीचा फोटो या दुसऱ्या रीतीने केला. पहिल्या दोनचार आकारांत भिंत आणि लुगड्याचा हिरवा आला, मग केसांचा पांढरा. नथ काही केल्या येईना. नथीएवढ्या जागेने एकूण फरकात काय पडणार? यंत्राच्या लेखी नथ म्हणजे चार ठिपके. आमच्या लेखी नथ नाही तर आजी नाही. शेवटी तेवढ्या भागासाठी वेगळे आकार चढवले तेव्हा नाकाशी एक पिवळट त्रिकोण उमटला.

प्रतिसाद
म्हणजे अमूर्त किती, हे आकारांच्या संख्येवर? वीस आकारांत आजी दिसणार नाही, दोनशेत दिसेल. मग एकाच फोटोच्या दोन चित्रांना दोन नावं?

प्रतिसाद
का नकोत? पण संख्येपेक्षा काय गाळायचं ते कोणी ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ट्रेसिंग पेपरवाल्या मुलांनी ते स्वतः ठरवलंय. त्यांची चित्रं वेगळ्या ओळीत लावा.

प्रश्नकर्ती
पटलं. फलक बदलते: वर 'फोटोवरून भौमितिक चित्रे', खाली दोन ओळी, 'हाताने' आणि 'संगणकाने'. 'अमूर्त' काढून टाकते. 'त्रिकोणन' संगणकाच्या ओळीत वापरीन, पण आठवीची मुलं विचारतील त्रिकोणमितीशी त्याचं नातं काय. भूमापनात हा शब्द कसा वापरतात, कोणी सांगेल का?

प्रतिसाद
तिथेही प्रदेशाचे त्रिकोणच पाडतात. एक बाजू प्रत्यक्ष मोजायची, मग कोन मोजत पुढच्या बाजू गणिताने काढायच्या. भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाची पायाबाजू १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजली होती. तिथे त्रिकोणमिती लागते, तुमच्या चित्रांत नाही.